रिपोर्टमध्ये प्रोटीन १५ टक्के, मग शेळ्या का वाळतायत? कोरडवाहू भागातल्या वैरणीची पचनीयता कशी तपासायची

जतकडच्या एका शेतकरी भावाने विचारलंय. त्यांच्याकडे दोन संकरित गाई, एक खिल्लार आणि वीसेक उस्मानाबादी शेळ्या आहेत. वैरण म्हणजे मालदांडी ज्वारीचा कडबा, विकतचं उसाचं वाढं, बांधावरची सुबाभूळ आणि बाभळीचा पाला-शेंगा. लॅबमधून तपासणी करून आणली तर कडब्याचं प्रोटीन ३.८ टक्के, सुबाभळीचं २१ आणि बाभळीच्या पाल्याचं १५ आलं. ते बघून त्यांनी शेळ्यांचा कडबा निम्मा केला आणि बाभळीचा पाला वाढवला. महिना गेला, लेंड्या कडक आणि बारीक पडायला लागल्या, वजन वाढायचं सोडा उलट उतरलं. आता विचारतायत की रिपोर्ट खोटा आहे का, आणि कोणती वैरण किती पचते हे घरच्या घरी कळेल का, की परत पैसे भरून पचनीयतेची टेस्ट करू.

रिपोर्ट बहुतेक खराच आहे. फक्त तुम्ही त्याला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर तो देतच नाही. लॅबवाले वैरणीतला नायट्रोजन मोजतात, त्याला ६.२५ ने गुणतात आणि त्याला प्रोटीन म्हणतात. तो नायट्रोजन जनावराच्या अंगी लागणार की टॅनिनला (झाडपाल्यातल्या तुरट द्रव्याला) चिकटून तसाच शेणातून बाहेर पडणार, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. सरकी पेंडीतलं १५ ग्रॅम प्रोटीन आणि बाभळीच्या पाल्यातलं १५ ग्रॅम कागदावर सारखंच दिसतं, कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात) त्यांचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट जरा नीट बघा, कारण सगळी गडबड इथेच होते. पचनीयता म्हणजे खाल्लेल्यातून शेणावाटे पडलेलं वजा केलं की जे उरतं ते, आणि ते कोरड्या वजनावर काढायचं. आपण मात्र बोलताना "कडबा ५० टक्के पचतो" असं म्हणतो, जसं काही कडब्याच्या पेंडीवर छापूनच आलंय. तोच कडबा नुसता टाकला तर वेगळा पचतो, किलोभर पेंडीबरोबर दिला तर वेगळा, शेळी त्यातला पाला निवडून खाते म्हणून तिला वेगळा आणि गाईला वेगळा. पाऊस लागलेल्या गंजीतला तर सोडूनच द्या. त्यामुळे एका आकड्याची अपेक्षा ठेवू नका. "माझ्या गोठ्यात, या जनावराला, या जोडीनं दिलं तर किती" असा प्रश्न विचारला तर उत्तर निघतं.

जोडीनं काय दिलं याचा एवढा फरक का पडतो? वैरण गाय पचवत नाही, कोठीपोटातले जंतू पचवतात. त्या जंतूंना वाढायला नायट्रोजन लागतो. एकूण आहारात प्रोटीन साधारण ७-८ टक्क्यांच्या खाली गेलं की जंतूच उपाशी राहतात, मग काडी सावकाश सडते, पोट लवकर रिकामं होत नाही आणि जनावर खायचंच कमी करतं. लोक म्हणतात जनावर कडब्याला कंटाळलंय. कंटाळलेलं नसतं हो, पोटात जागाच नसते. ३.८ टक्केवाल्या नुसत्या कडब्यावर हेच होणार. सात किलो कडब्यातून मिळालं २६६ ग्रॅम प्रोटीन. त्यात सुबाभळीचा ओला पाला सहा-सात किलो टाकला, म्हणजे कोरडा साधारण दोन किलो, तर वर ४२० ग्रॅम आले. एकूण ६८६ ग्रॅम, नऊ किलो कोरड्या वैरणीत, म्हणजे ७.६ टक्के. कडबा तोच, पण आता तो जास्त पचणार. सुबाभळीचा खरा फायदा तिच्या स्वतःच्या पचनापेक्षा कडबा पचवून देण्यात आहे असं मी नेहमी सांगतो.

आता लॅबच्या टेस्टबद्दल, पैसे भरायच्या आधी कुठली टेस्ट काय सांगते हे माहीत असू द्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे एनडीएफ, एडीएफ. ही अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅन सोएस्टची पद्धत, तंतूचं प्रमाण सांगते; एनडीएफ म्हणजे एकूण तंतू, एडीएफ म्हणजे त्यातला चिवट, कमी पचणारा भाग. एडीएफवरून पचनीयता काढायचं एक सूत्र सगळीकडे फिरतं, ८८.९ मधून एडीएफच्या ०.७७९ पट वजा करायचे. तुमच्या कडब्याचा एडीएफ ४५ असेल तर उत्तर ५४ च्या आसपास येतं, आणि कडब्याला ते बऱ्यापैकी जमतंही. पण ते सूत्र लसूणघास, परदेशी गवतं अशा वैरणीवरून आलेलं आहे, त्यात टॅनिन धरलेलंच नाही. बाभळीच्या पाल्याचा एडीएफ कमी असतो म्हणून सूत्र त्याला कडब्याच्या कितीतरी वर नेऊन बसवतं. झाडपाल्याला हे सूत्र लावू नका. एनआयआर मशीनवर (नमुन्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकून अंदाज करणाऱ्या) दोन मिनिटांत रिपोर्ट देतात त्याचंही तसंच, त्या मशीनला आधी बाभूळ, बोर, अंजनाचा पाला शिकवलेला नसेल तर ते मका-मुरघासाच्या हिशोबानं अंदाज ठोकतं.

त्याच्या वरची पायरी म्हणजे कोठीपोटातला रस काढून काचेच्या नळीत वैरण पचवून बघणं. टिली आणि टेरी यांनी १९६३ मध्ये ही पद्धत बसवली, ४८ तास रसात आणि पुढे ४८ तास आम्ल-पेप्सिनमध्ये, मग काय उरलं ते तोलायचं. १९७९ मध्ये जर्मनीत होहेनहाइमला मेन्के आणि मंडळींनी गॅस टेस्ट काढली, त्यात २०० मिलिग्रॅम वैरण काचेच्या सिरिंजमध्ये रसाबरोबर ३९ डिग्रीला ठेवतात आणि २४ तासांत गॅस किती झाला ते बघतात. झाडपाल्यासाठी मला ही टेस्ट आवडते, कारण हिच्यात एक युक्ती करता येते. एका सिरिंजमध्ये नुसता पाला आणि दुसरीत पाला अधिक पीईजी नावाचं पांढरं पावडरीसारखं रसायन. पीईजी टॅनिनला पकडून ठेवतं. दुसऱ्या सिरिंजमध्ये गॅस बराच वाढला तर समजायचं पाला पचण्यासारखा आहे, टॅनिन आडवं येतंय. दोन्हीत सारखाच कमी आला तर दोष टॅनिनचा नाही, पालाच निबर आहे. तुमच्या बाभळीसाठी कुठली टेस्ट करायचीच असेल तर ही करा.

नायलॉन पिशवीची पद्धत पण ऐकली असेल, गाईच्या कुशीला कायमचं भोक पाडून झाकण बसवलेलं असतं, त्यातून वैरणीच्या पिशव्या आत सोडतात आणि ठराविक तासांनी काढतात. कडबा, गव्हाचं काड, तुरीचं भुसकट यांच्यासाठी उत्तम. झाडपाल्याला मात्र फसवते, कारण टॅनिन पाण्यात विरघळून आणि बारीक चुरा जाळीतून धुऊन निघून जातो आणि तो "पचला" असा धरला जातो. शिवाय एकट्या पिशवीतल्या पाल्याचं टॅनिन अख्ख्या कोठीपोटात पातळ होऊन जातं, खरोखर पोटभर पाला खाल्लेल्या शेळीचं तसं होत नाही.

या टेस्ट प्रत्येक लॅबमध्ये होत नाहीत. आपल्याकडे शिरवळ, परभणी, नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजांचे पशुपोषण विभाग, राहुरीचं कृषी विद्यापीठ, उरुळी कांचनला बाएफ ही संस्था, अशा ठिकाणी आधी फोन करून विचारा की नळीतली पचनीयता किंवा गॅस टेस्ट बाहेरच्या नमुन्यावर करून देता का. रसासाठी जनावर उपलब्ध असेल तेव्हाच होतं ते.

आता घरचा मार्ग, म्हणजे खाल्लेली वैरण आणि पडलेलं शेण तोलून बघायचं. प्रामाणिकपणे सांगायचं तर पचनीयतेची खरी टेस्ट हीच, बाकीच्या सगळ्या हिच्या जवळ जायचा प्रयत्न करतात. लागतं काय, तर एक चांगला वजनकाटा, वही, आणि घरातलं एक माणूस जे कंटाळणार नाही. तिसरी गोष्टच मिळत नाही बहुतेक वेळा.

शेळीवर करणार असाल तर बोकड घ्या, कारण बोकडाचं मूत पुढे पडतं, लेंड्या मागे पिशवीत कोरड्या गोळा होतात. कापडी पिशवी पट्ट्यांनी मागे बांधायची. तीन-चार बोकड घ्या, एकावर विश्वास ठेवू नका, जनावरागणिक फरक पडतो. दोन आठवडे तीच वैरण ठरलेल्या वेळी द्यायची, पोटातले जंतू बदलायला तेवढे दिवस लागतातच. मग आठवडाभर रोज टाकलेली वैरण तोला, उरलेलं चगळ तोला, लेंड्या तोला. तिन्हीतला थोडा थोडा नमुना रोज उन्हात वाळवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. उन्हात पूर्ण ओल जात नाही, आठ-दहा टक्के राहतेच, पण वैरणीत आणि लेंड्यांत दोन्हीकडे जवळपास तेवढीच राहते म्हणून भागाकारात ती चूक बरीचशी कटून जाते. ओव्हन नाही म्हणून अडून बसू नका.

गाईचं उदाहरण देतो. समजा दहा किलो कडबा टाकला, दोन किलो चगळ उरलं, खाल्ला आठ किलो. दिवसभरात शेण पडलं २१ किलो, त्यातलं एक किलो वाळवलं तर १९० ग्रॅम भरलं, म्हणजे कोरडं शेण चार किलो. आठातून चार गेले, उरले चार, पचनीयता ५० टक्के. एवढंच गणित आहे. गाईचं शेण गोमूत्रात आणि मातीत मिसळू द्यायचं नाही हे जास्त अवघड, त्यासाठी आठवडाभर फरशीवर बांधा आणि पडल्या पडल्या उचला.

इथे एक मेख आहे बघा. ते ५० टक्के कडब्याचं नाही, गाईनं जेवढा निवडून खाल्ला त्याचं आहे. बुडखे तिनं चगळात सोडले. आता त्याच कडब्याची कुट्टी केली तर बुडखेही पोटात जातात, समजा खाणं ९.२ किलो झालं आणि पचनीयता ४८ वर आली. आकडा बघून कोणी म्हणेल कुट्टीनं नुकसान झालं. पण ९.२ चे ४८ टक्के म्हणजे ४.४ किलो पचलं, आधी चारच पचत होतं. म्हणून मी कायम दोन्ही गोष्टी विचारतो, किती टक्के पचलं आणि किती किलो खाल्लं. चारशे किलोच्या गाईला नुसतं अंग धरून राहायला रोज साधारण तीन किलो पचलेलं अन्न लागतं, त्याच्या वर जे पचेल त्यातून दूध. मग ४.० आणि ४.४ मधला फरक किरकोळ राहत नाही, लिटरभर दुधाचा तो ऐवज आहे. मात्र कुट्टी पार भुग्यासारखी करू नका, बारीक कण पोटातून लवकर निसटतात, रवंथ कमी होतं आणि दुधाची फॅट उतरते.

सुबाभूळ किंवा बाभूळ एकटी पोटभर देता येत नाही, तेव्हा तिची पचनीयता वजाबाकीनं काढावी लागते. आधी नुसत्या कडब्याचं काढा, समजा ५० आलं. मग ७० भाग कडबा आणि ३० भाग सुबाभूळ, कोरड्या वजनावर, देऊन परत मोजा, समजा ५६ आलं. कडब्याचा वाटा ०.७ गुणिले ५० म्हणजे ३५, उरले २१, भागिले ०.३, सुबाभूळ आली ७० टक्के. छान वाटतं ना? पण मोजण्यात दोन टक्क्यांची चूक झाली तर ती ०.३ ने भागल्यावर जवळपास सात टक्क्यांची होते. आणि वर सांगितलं तसं प्रोटीन मिळाल्यावर कडबाही जास्त पचलेला असतो, त्याचं श्रेय हिशोबात सुबाभळीला जातं. त्यामुळे कोणी झाडपाल्याची पचनीयता दशांश चिन्हापर्यंत सांगितली की मी आधी विचारतो काढली कशी. तुमच्या कामासाठी सुबाभळीचा वेगळा आकडा लागतच नाही, मिश्रणाचा पुरतो. दोन मिश्रणं करून बघा आणि ज्यात खाणं-पचणं दोन्ही जास्त ते ठेवा.

सुबाभळीचं प्रमाण एकूण कोरड्या वैरणीच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवा, तिच्यातल्या मिमोसिन नावाच्या विषामुळे केस गळतात, थायरॉइडची गाठ वाढते. ऑस्ट्रेलियात या सुबाभळीनं गुरं आजारी पडायची, पण हवाई बेटावरच्या शेळ्यांना काही होत नव्हतं. रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं शोधलं की त्या शेळ्यांच्या पोटातला एक जंतू ते विष मोडतो, मग तो जंतूच ऑस्ट्रेलियातल्या गुरांना पाजला आणि प्रश्न सुटला. तुमच्या शेळ्यांच्या पोटात काय आहे हे न बघता भरमसाट देऊ नका एवढाच त्याचा अर्थ.

आता बाभूळ, तुमचं मूळ दुखणं. टॅनिन कोठीपोटातल्या प्रोटीनला घट्ट पकडतं, जंतूंची विकरंही (एन्झाइम) पकडतं. थोडं असेल तर उलट बरं, प्रोटीन कोठीपोटातून सुटून पुढे आतड्यात पचतं, शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवरही (कृमींवर) थोडाफार परिणाम होतो. आहारात पाचेक टक्क्यांच्या पुढे गेलं की खाणं कमी, पचणं कमी, लेंड्या कडक, तुम्ही वर्णन केलंय तेच. शेळी मोकळी चरते तेव्हा चार तोंडं बाभळीला मारते, मग बोरीकडे जाते, मग गवताकडे, स्वतःच मिश्रण करते. आपण दावणीला बांधून तोडलेल्या फांद्याच पुढे टाकल्या की तिची ती अक्कल संपते. पाला उन्हात वाळवून दिला तर टॅनिनचा जोर थोडा कमी होतो, संपत नाही. शेंगांचं निराळं, शेळ्या आवडीनं खातात, पण बिया सगळ्याच पचत नाहीत, रात्री रवंथ करताना थुंकतात, सकाळी वाड्यात बियांचा सडा दिसतो, आणि गाईच्या तर शेणातून अख्ख्या पडतात. बियांतलं प्रोटीन हवं असेल तर शेंगा भरडून द्या. वेड्या बाभळीच्या गोड शेंगांनाही हेच, आणि न भरडता दिल्या तर शेणातून बी शेतभर पसरतं ते वेगळंच.

बाकीच्या वैरणींवर पटकन. उसाचं वाढं बरं पचतं पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, चुन्याची निवळी शिंपडायची पद्धत त्यासाठीच, खनिज मिश्रण सोडू नका. भुईमुगाचा पाला चांगला, फक्त माती झटकून, रिपोर्टमध्ये राख १५ टक्क्यांच्या वर दिसली तर पाला कमी आणि माती जास्त तपासून आणलीय असं समजा. काटे नसलेला निवडुंग छान पचतो पण ९० टक्के पाणी, दहा किलो टाकला तरी पोटात किलोभरच कोरडं गेलं, आणि एकटा दिला तर पातळ शेण ठरलेलं. उन्हाळ्यात पाण्याची सोय म्हणून कडब्याबरोबर द्या. अझोलाचं (पाण्यावर तरंगणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचं) प्रोटीन २०-२५ टक्के सांगतात ते कोरड्या वजनावर, ओला किलोभर म्हणजे कोरडा ५०-७० ग्रॅम. हायड्रोपोनिक (मातीविना, पाण्यावर उगवलेल्या) मक्याबद्दल मला विचारूच नका, किलोभर मक्याचा सात किलो हिरवा चारा होतो हे खरं, पण त्यात कोरडं तोललं तर मूळ मक्यापेक्षा कमीच भरतं.

एवढी सगळी मोजदाद जमणार नसेल तर निदान शेण धुऊन बघत जा. मूठभर शेण बारीक चाळणीत घेऊन पाण्याखाली धरायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. (जतमध्ये मे महिन्यात हे सांगणं अवघड आहे, बादलीत बुडवून केलं तरी चालतं.) चाळणीत सेंटीमीटरपेक्षा लांब काड्या जास्त राहिल्या आणि शेण घट्ट थरावर थर असं पडत असेल तर जंतूंना प्रोटीन कमी पडतंय. मक्याचे, ज्वारीचे अख्खे दाणे दिसले तर भरडा नीट झालेला नाही, पेंडीचे पैसे उकिरड्यावर चाललेत. वैरण बदलल्यावर दोन आठवड्यांनी परत धुवा आणि फरक बघा.

मग तुमच्यासाठी काय करायचं. शेळ्यांचा बाभळीचा पाला एकूण वैरणीच्या पाव हिश्श्यावर आणा, सुबाभूळ आणि मिळेल तो बोरीचा, शेवरीचा पाला मिसळा, कडब्याची कुट्टी परत सुरू करा. गाईंना कडब्याबरोबर रोज वर हिशोब केलाय तेवढी सुबाभूळ, नाहीतर किलोभर शेंगपेंड. संकरित गाई किती दूध देतात ते तुम्ही लिहिलं नाही, दहा-बारा लिटरच्या पुढे असतील तर एवढ्यानं भागणार नाही, त्यांना वेगळा खुराक लागेल. गंजी मोठी असेल तर थोड्या कडब्यावर युरिया प्रक्रिया करून बघा, १०० किलो कुट्टीला चार किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून एकसारखा शिंपडायचा, दाबून, प्लास्टिकनं हवाबंद करून २१ दिवस ठेवायचं. पचनीयता पाच-दहा टक्क्यांनी वाढते आणि खाणंही वाढतं. उघडल्यावर वास उडू द्या मगच टाका, सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका, आणि युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, तहानलेलं जनावर ते प्यालं तर हातातून जातं.

आणि परत नमुना पाठवणार असाल तर गंजीच्या वरच्या पेंडीतला पाठवू नका. वेगवेगळ्या आठ-दहा पेंड्या मधून ओढा, बुडख्यासकट तोडा, मिसळा आणि त्यातला अर्धा किलो द्या. हाताला सहज येतो तो पाला पिशवीत भरून पाठवला की रिपोर्ट पाल्याचा येतो आणि जनावर खातं कांड्या. सोबत चिठ्ठीत लिहा की गॅस टेस्ट हवीय आणि बाभळीच्या नमुन्याला पीईजी घालून आणि न घालून अशी दोन्ही करा. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाका, सोबत रोज किती किलो टाकता आणि किती चगळ उरतं तेही, त्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही.